पायाळूची कंबर

आमच्या पुढच्या खोलीत फरशीवर एक सतरंजी कायम अंथरलेली असायची. ती बसण्यासाठी नव्हती, पालथं पडण्यासाठी होती. सकाळी चहा व्हायच्या आत कोणीतरी दारात येऊन उभं राही. एक हात कमरेवर, दुसरा चौकटीवर, तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. "बाई हायेत का घरी?" मी पेपर खाली न करता आत हाक मारायचो. आलेला माणूस न सांगता सतरंजीवर पालथा पडायचा. बायको पदर खोचत यायची, भिंतीला हात टेकायची आणि उजव्या पायाचा तळवा त्याच्या कमरेवर ठेवायची. दाबायची नाही, तुडवायची नाही. ठेवायची, उचलायची, पुन्हा ठेवायची. तेवढ्या वेळात कोणी बोलायचं नाही असा नियम होता. मग तो माणूस उठून इकडे तिकडे वाकून पाही, "हलकं वाटून राह्यलं" म्हणे आणि निघून जाई.

माझी बायको पायाळू आहे. म्हणजे जन्मताना तिचं डोकं आधी न येता पाय आधी आले. एवढ्या भांडवलावर माणसाला जन्मभराचे तीन गुण चिकटतात असं आमच्या भागात मानतात. त्याच्यावर वीज पडते, त्याला जमिनीत पुरलेलं धन दिसतं, आणि त्याचा पाय लागला की दुसऱ्याच्या पाठीत भरलेली उसण निघून जाते. पहिल्या गुणाच्या धास्तीनं तिच्या आईनं तिला पावसाळ्यात कधी शेतात जाऊ दिलं नाही. दुसऱ्या गुणाचं काय झालं ते आमच्या घराकडे एकदा पाहिलं की कोणालाही कळेल. तिसरा मात्र लग्नात तिच्याबरोबर आला आणि टिकला.

मी मलकापूरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. रोज एस.टी.नं जायचो आणि संध्याकाळी धामणगाव बढ्याला परत यायचो. पाठ धरते म्हणजे काय होतं, हे मी पुस्तकात वाचलं होतं. स्नायू आखडतो, चार-आठ दिवसांत आपोआप सुटतो, पाय लावा की नका लावू. लग्नाच्या पहिल्याच वर्षी मी हे तिला नीट समजावून सांगितलं. तिनं ते ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मंग पाय लावल्यानं बिघडते काय? तसंई बरं होते, असंई बरं होते. पन लोकं दारात आले तं पाहिजे ना."

दारात कोण येतं ते मलाही दिसत होतं. आमची वस्ती गावाच्या कडेला आहे. वरच्या आळीतल्या ज्या घरांत माझ्या वडिलांना चहा अंगणात मिळायचा, आणि त्यासाठी कान तुटलेला एक कप वळचणीला वेगळा खोचलेला असायचा, त्या घरांतली माणसं आमच्या फरशीवर तोंड खाली करून पडत होती. माझ्या बायकोचा पाय आपल्या पाठीला लागावा म्हणून. काही जण मागच्या बोळातून यायचे. का ते त्यांचे त्यांना ठाऊक, आम्ही दोन्ही दारं उघडी ठेवत होतो. विहारातली तरुण मंडळी एकदा मला सुनावायला आली होती. पुढच्या खोलीत बुद्धाची मूर्ती, भिंतीला लागून पुस्तकांची कपाटं आणि मधोमध ही अंधश्रद्धा, हे शोभत नाही म्हणाले. मी म्हटलं, ती आत आहे, तिच्याशी बोला. ती चहा घेऊन आली. त्यांच्यातल्या एकाची पाठ धरली आहे, हे तिनं तो ज्या बेतानं खाली बसला त्यावरून ओळखलं. बोलणं बरंच लांबलं. जाताना तो एकटा थोडा मागे राहिला आणि सतरंजीवरून होऊन गेला.

तिची स्वतःची कंबर गेली ती नळाच्या दिवशी. आमच्याकडे नळ येतो तो पाहुण्यासारखा, बऱ्याच दिवसांनी आणि न सांगता. आला की घरातलं प्रत्येक भांडं भरायचं असतं. अंगणातल्या टाक्यात वाकून ती बादली ओढत होती. बादली वर आली आणि ती तशीच वाकलेली राहिली. "अहो," एवढंच म्हणाली. कुल्ल्यापासून मांडीच्या मागून, पोटरीच्या बाजूनं, पार पायाच्या अंगठ्यापर्यंत काहीतरी सळकन गेलं होतं. खाटेवर टेकवल्यावर तिनं स्वतःच सांगितलं, "माय म्हने ते वीज पडनं हेच असन."

पुढचे दिवस वाईट गेले. बसवत नव्हतं, शिंकलं की पायात कळ जायची. संडासला उकिडवं बसता येईना म्हणून प्लास्टिकच्या खुर्चीला मधे भोक पाडून घेतलं. गावातल्या डॉक्टरनं सुया टोचल्या आणि गोळ्या दिल्या. मेडिकलवाल्यानं आपण होऊन कमरेचा पट्टा दिला. ती तो पट्टा साडीच्या आत बांधायची, बाहेरून दिसू नये म्हणून.

लपवणं हेच तिचं मुख्य काम झालं. सकाळी कोणी आलं की मी म्हणायचो, तब्येत बरी नाही, उद्या या. ती आतून ओरडायची, "थांबा, आली!" मग भिंतीला धरून यायची, दोन्ही हात चौकटीला लावायची आणि ओठ घट्ट मिटून पाय उचलायची. खाली पडलेल्या माणसाला तिचा चेहरा दिसत नसे. मला दिसायचा. एकदा मी चिडून म्हटलं, "काऊन करते असं? सांगून दे ना, माहीच कंबर गेली म्हनून."

"सांगून देऊ? उद्या साऱ्या गावात होईन. पायाळूचीच कंबर गेली. मंग येईन का कोनी?"

"नाही आले तं नाही आले."

"तुमाले काय. तुमाले पुस्तकं आहेत."

बुलढाण्याला एका हाडाच्या डॉक्टरकडे नेलं. एम.आर.आय. झाला. डॉक्टरनं काळी फिल्म उजेडावर धरली आणि पेनच्या टोकानं दाखवलं. मणक्यांच्या मधे गाद्या असतात. त्यातली एक फाटून मागे सरकली आहे आणि पायाकडे जाणाऱ्या नसेवर बसली आहे. माणूस घाबरलेला असला की फिल्ममध्ये काहीच दिसत नाही, तरी आम्ही माना डोलावल्या. डॉक्टर चांगला होता, घाईत होता. म्हणाला, घाबरू नका, बहुतेकांची गादी काही आठवड्यांत आपोआप आटोक्यात येते, ऑपरेशन लागत नाही. नुसतं पडून राहू नका, झेपेल तेवढं चाला. ओझं उचलू नका. दुखणं थोडं कमी झालं की व्यायाम सुरू करा. नाहीच थांबलं तर मणक्यात इंजेक्शन देता येतं, तेही नाही चाललं तर पुढचं पाहू. मग पुढच्या पेशंटला हात करता करता त्यानं आणखी एक गोष्ट सांगितली. पायाची ताकद गेली, बसायची जागा बधिर झाली किंवा लघवी अडली, तर वाट पाहू नका, त्याच दिवशी या. आम्ही "हो हो" म्हटलं. घरी येताना एस.टी.त ती आणि मी दोघंही एकच वाक्य धरून होतो, बहुतेकांची आपोआप आटोक्यात येते.

गावापासून लपवलं तरी नात्यातल्यांना कळलंच, आणि आजाऱ्याला भेटायला येणारा माणूस रिकाम्या हातानं येत नाही, उपचार घेऊन येतो. कोणी बिब्ब्याचं तेल सांगितलं, कोणी गरम रेतीची पुरचुंडी, कोणी वजन लटकवून कंबर ताणणारा दवाखाना. मणका जागेवर बसवणारा एक माणूस कोणीतरी सांगितला. त्यानं तीन पिढ्या मणके बसवले म्हणे. ते मुळात उठले कशाला होते, हे मात्र कोणी विचारलं नव्हतं. एका बाबतीत सगळ्यांचं एकमत होतं. ऑपरेशन करायचं नाही. प्रत्येकाचा कोणीतरी मामा, साडू नाहीतर शेजारी मणक्याच्या ऑपरेशननंतर कायमचा खाटेला लागलेला होता. ऑपरेशन करून नीट चालणारेही असतील, पण ते चालत कुठंतरी निघून गेलेले असणार. आजाऱ्याच्या खोलीत त्यांची आठवण कोणाला होत नाही.

बायकोची मोठी बहीण नांदुऱ्याहून आली, ती थेट ठरवूनच. "तू सोताच पायाळू. सोताले सोताचा पाय कसा लावशीन? दुसरा पायाळू पाह्यजे." वडनेर भोलजीला एक आहे, तिनं चौकशी करून ठेवली होती. मी विरोध केला. त्या दोघी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहत होत्या ती नजर मला ग्रंथालयात ठाऊक होती. पुस्तक वेळेवर परत करा म्हटलं की विद्यार्थी असेच पाहायचे.

मीही गेलो. वडनेरचा पायाळू साठीचा, काटक, ओट्यावर बिडी ओढत बसलेला होता. माझी बायको डोक्यावरून पदर पार नाकापर्यंत ओढून बसली. त्यानं आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग तिच्या पायांकडे.

"कोन्ता गाव?"

बहीण बोलायच्या आत बायको म्हणाली, "मोताळ्याकडचं."

"मोताळ्याकडं धामनगावले एक बाई हाये म्हन्तेत. पायाळू. लई गुन हाये म्हने तिच्या पायाले."

"असन बाप्पा. मले नाई माहीत."

"तिच्याकडं नाई गेल्या?"

"तिचीच तब्येत बरी नाई म्हने," माझी मेहुणी मधेच बोलून गेली आणि बायकोनं तिला चिमटा काढला. पायाळू आवाज न करता हसला, बिडी विझवली आणि म्हणाला, "ते उजवा लावते म्हने. मी डावा लावतो. आपापली पद्धत." मग ती पालथी पडली. आयुष्यात पहिल्यांदा ती खाली होती आणि पाय दुसऱ्याचा होता. त्याची पद्धत ठेवण्याची नव्हती, त्यानं टाच रोवली. तिनं पदराचा बोळा तोंडात धरला. परत येताना गाडीत ती एकदाच म्हणाली, "असा लावतेत का कोनी पाय? मी कधी असा नाई लावला."

आणि काही दिवसांत दुखणं थांबलं.

कमी झालं नाही, थांबलं. सकाळी उठली, चुलीपाशी गेली, चहा केला आणि कप माझ्या हातात देताना तिलाच आठवलं की आज कळ आली नाही. ती तशीच उभी राहिली, कान देऊन पायाकडून काही ऐकू येतं का ते पाहत असल्यासारखी. काही येत नव्हतं. बहिणीला फोन झाला. ती म्हणाली, पाहा, वडनेरचा पाय. मी मनात म्हटलं, मी पुस्तकातून शिकवलेले व्यायाम. मेडिकलवाला म्हणाला, पट्टा. श्रेय घ्यायला आम्ही तिघं रांगेत उभे होतो. घरी शिरा झाला, वस्तीत वाटला गेला. शिरा कशाचा ते मात्र कोणाला सांगितलं नाही.

त्यानंतर जे बारीकसारीक होत होतं ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होत होतं. तिची उजवी चप्पल वारंवार निसटायची. ती म्हणाली, चपला ढिल्या झाल्या, म्हणून नव्या घेतल्या. त्याही निसटायला लागल्या. उंबरठ्याला ठेच लागायची, सतरंजीच्या काठात बोटं अडकायची. ती चालली की फरशीवर एक पाय टाकल्याचा आवाज यायचा आणि दुसरा पडल्याचा, थप्प. "पाय झोपल्यासारखा वाटते," ती म्हणायची, "इतके दिवस जागा होता, झोपू द्या आता." मी हसलो. वाक्य चांगलं होतं.

सकाळची माणसं पुन्हा जोरात यायला लागली. तिचा पाय आता बेतानं ठेवला जात नव्हता. गुडघा उचलून ती तो पुढे न्यायची आणि तो आपल्या वजनानं पाठीवर आदळायचा. एक जण उठून म्हणाला, "काकू, आज पाय लई जड पडला. लई गुन आला." हे गावात पसरलं. तिच्या पायातली शक्ती वाढली आहे असं लोक म्हणू लागले.

त्या हंगामात तालुक्याच्या गावी एका पुढाऱ्याच्या वाढदिवसानिमित्त मणक्याच्या विकारांचं मोफत तपासणी शिबिर भरलं. मंगल कार्यालयाच्या दारावर फलक होता. त्यावर पुढाऱ्याचा चेहरा बैलगाडीच्या चाकाएवढा आणि त्याच्या कानामागे करंगळीएवढा मणका. शिबिर भरवणाऱ्यांत आमच्या वरच्या आळीतले एक गृहस्थ होते. आमच्या सतरंजीवर ते अनेकदा पडून गेलेले, मागच्या बोळातून. त्यांच्या डोक्यात आलं की आयुर्विज्ञानाबरोबर परंपरेचाही सत्कार व्हावा. त्यांनी गाडी पाठवली. पुढच्या दारात.

बायकोनं ठेवणीतली निळी साडी काढली. मी म्हटलं, जाऊ नको, तमाशा असतो तो. ती आरशात पाहत पदराची पिन लावत होती. "त्यायच्या वाड्यात मी कधी उंबरठ्याच्या आत नाई गेली," ती म्हणाली, "आज ते मले स्टेजवर बलावून राह्यले. तुमी नका येऊ वाटलं तं." मी गेलो.

पाठीच्या आजाराचे शंभरेक लोक प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसवले होते आणि ज्यांची पाठ धड होती ते सगळे स्टेजवर सोफ्यावर होते. दीपप्रज्वलन झालं, स्वागतगीत झालं, पाहुण्यांची ओळख झाली, ओळख करून देणाऱ्याची ओळख झाली. एका वक्त्यानं सांगितलं की तरुण हा राष्ट्राचा मणका आहे. खुर्च्यांमधली माणसं एका कुल्ल्यावरून दुसऱ्यावर होत होती, काही भिंतीला टेकून उभी राहिली होती, एक बाई मागे सरळ जमिनीवर आडवी झाली. तपासणी भाषणांनंतर होती.

मग तिचं नाव पुकारलं. ती स्टेजच्या लाकडी पायऱ्या चढली. मी खालून पाहत होतो. एका पायरीवर तिची उजवी चप्पल राहिली आणि ती तशीच पुढे गेली, एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी. तिला कळलं नाही. स्टेजच्या मधोमध तिनं शाल घेतली, नारळ घेतला, फोटोसाठी थांबली. चेहऱ्यावर असा आनंद मी फार वर्षांत पाहिला नव्हता. ज्या पायासाठी सत्कार चालला होता त्या पायाकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

सोफ्याच्या अगदी टोकाला औरंगाबादहून आलेला मणक्याचा सर्जन बसला होता, तरुण, भाषणांनी कंटाळलेला. तो उठला, पायरीवरची चप्पल उचलून घेऊन आला आणि तिच्यासमोर ठेवली. वरच्या आळीचे गृहस्थ "अरे अरे डॉक्टरसाहेब" करत धावले. डॉक्टरचं तिकडे ध्यान नव्हतं. "काकू, ही पडली ते कळलं नाही का तुम्हाला?"

"चप्पल ढिली हाये, साहेब."

"घालून दाखवा बरं."

तिला ती घालता आली नाही. बोटं वर होत नव्हती. शेवटी तिनं वाकून हातानं चप्पल पायात सरकवली, तेही शाल आणि नारळ सांभाळत.

कार्यालयात नवरीला तयार करायची एक खोली असते. डॉक्टरनं तिला तिथं नेलं, मी मागोमाग. आरशावर कोणाकोणाच्या टिकल्या चिकटलेल्या होत्या. बाहेर पुढचं भाषण चालू होतं. "टाचांवर चालून दाखवा," तो म्हणाला. डाव्या टाचेवर तिनं तोल धरला. उजवा पंजा जमिनीवरून सुटेचना. मग त्यानं तिला बसवलं. "पायाचा अंगठा वर ओढा, माझ्याकडे." तिनं सगळा जोर लावला. मान ताणली, दातावर दात धरले. अंगठा हलला नाही. ती त्या अंगठ्याकडे, हाक मारूनही न येणाऱ्या दुसऱ्याच्या पोराकडे पाहावं तशी पाहत राहिली.

"दुखणं कधी थांबलं?"

"बरेच दिवस झाले, साहेब," तिनं उत्साहानं सांगितलं. "आता काईच नाई दुखून राह्यलं. लई बरं हाये."

डॉक्टर स्टूल ओढून तिच्यासमोर बसला. "काकू, नस दबली की ओरडते. ते ओरडणं म्हणजे पायातली कळ. पण फार दबली, फार दिवस दबली, की तिचं ओरडणं बंद होतं. आपल्याला वाटतं भांडण मिटलं. दुखणं थांबलं आणि त्याच सुमाराला पाय लुळा पडत गेला, असंच ना?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी त्या आरशातल्या टिकल्यांकडे पाहत होतो.

त्यानं काही लपवलं नाही. नुसती पाठ दुखते किंवा पायात कळ येते एवढ्यावर मी शंभरातल्या फार थोड्यांनाच चिरतो, म्हणाला. दुखणं वाट पाहू शकतं, ताकद गेलेली वाट पाहू शकत नाही. तुमचा उशीर झाला आहे. आता ऑपरेशन केलं तर नसेवरचं ओझं निघेल, ते मी करू शकतो. नस पुढे काय करील ते तिच्यावर आहे. जागी होईल, अर्धवट होईल, होणारही नाही. नाही केलं तर आहे तेही जाऊ शकतं.

"पाय लावता येईन का मंग?" तिनं विचारलं.

त्याला तो प्रश्न समजला नाही. "चालता येईल," तो म्हणाला.

घरी बहिणीनं आकाशपाताळ एक केलं. "दुखून नाई राह्यलं तं चिरता कायले? दुखत होतं तवा नाई चिरलं, आता बरं झालं तं चिरून राह्यले! भाऊजी, तुमी शिकलेले ना?" या युक्तिवादात खोट काढणं सोपं नव्हतं. तो चुकीचा होता, पण धडधाकट होता. मी एम.आर.आय.ची फिल्म उजेडावर धरून समजावलं, तिनं फिल्मकडे पाहिलंच नाही. बायको अंगणात गेली. टाक्याच्या कठड्याला धरून टाचांवर उभं राहायचा प्रयत्न करत होती. डावी टाच, उजवी टाच. पुन्हा डावी. बऱ्याच वेळानं आत आली आणि बहिणीला म्हणाली, "बस झालं तुहं. मी जाते औरंगाबादले." मग माझ्याकडे वळून, "शाल ठेवली का नीट? धुवायची नाई ती."

ऑपरेशन चांगलं झालं. हे वाक्य डॉक्टर लोक डोक्यावरची टोपी काढत म्हणतात आणि ते खरं असतं. निसटलेला तुकडा निघाला, नस मोकळी झाली, ती दुसऱ्या दिवशी आधारानं उभी राहिली. कोणी खाटेला लागलं नाही. जखम भरली, कंबर किरकिर करते पण वागू देते. फक्त पाय आला नाही. फिजिओथेरपीवाली मुलगी पायाला विजेचे बारीक झटके द्यायची तेव्हा अंगठा उडायचा आणि बायको मला हाक मारायची, "पाहा, पाहा!" मशीन बंद झालं की अंगठा पडून राहायचा. डॉक्टर दर खेपेला म्हणायचा, अजून वाट पाहू. मग खेपांमधलं अंतर वाढलं. एकदा तो लुळा पंजा उचलून धरायला पायाला लावायची प्लास्टिकची पट्टी चांगल्या प्रतीची कुठं मिळते ते सांगत बसला, वाट पाहण्याबद्दल काही बोललाच नाही. परतीच्या गाडीत तिनं विचारलं, "यावेळी नाई म्हनले ना ते?" मी म्हटलं, विसरले असतील. तिनं पायाकडे पाहिलं आणि खिडकीकडे तोंड केलं.

गावात सगळ्यांना कळलं होतं. सकाळी दारात कोणी येईनासं झालं. सतरंजी गुंडाळून मी कपाटामागे उभी केली. वरच्या आळीच्या गृहस्थांची गाडी आमच्या घरावरून जायची, थांबायची नाही. सकाळचा चहा आम्ही दोघंच घ्यायचो आणि पेपर माझ्या हातात पुरता उघडलेला असायचा. त्याच्यात वाचण्यासारखं किती कमी असतं ते मला तेव्हा कळलं.

मग एके दिवशी मागच्या बोळातून एक म्हातारा आला. ज्या घराच्या वळचणीला माझ्या वडिलांसाठीचा तो कान तुटलेला कप असायचा, त्या घरातला. कंबर धरलेली, काठी टेकत. बायको ओट्यावर बसली होती, पायाला ती प्लास्टिकची पांढरी पट्टी.

"माय, चमक भरली. पाय लाव."

"पाय मेला माहा, बाबा. तुमाले कोनी सांगतलं नाई?"

"सांगतलं. मेला तं मेला. पायाळूचाच हाये ना?"

ती त्याच्याकडे पाहत राहिली. हसावं की रडावं ते तिचं ठरलं नसावं. मग म्हणाली, "आधी टाचांवर चालून दाखवा."

"काय?"

"टाचांवर. त्या टाक्यापासून अठीपर्यंत. नाई तं मी पाय नाई लावत."

धोतर सावरत, काठी माझ्या हातात देऊन तो म्हातारा आमच्या अंगणात टाचांवर चालला, कोंबड्यासारखा, दोन्ही हात पसरून. नीट चालला. तिनं त्याला लघवीचंही विचारलं, सरळ, तोंडावर. तो लाजून "बराबर होते" म्हणाला. मग मी सतरंजी आणून अंथरली.

आता येतात माणसं, पहिल्याइतकी नाहीत. टाचांवर चालणं हा विधीचाच भाग आहे असं त्यांना वाटतं आणि ती तो भक्तिभावानं करतात. एका बाईला जमलं नाही. तिला पाय न लावता, त्याच दिवशी बुलढाण्याला जा म्हणून बायकोनं भांडून परत पाठवलं. ती रागावून गेली. दवाखान्यात गेली की वडनेरला, ते आम्हाला समजलं नाही. वडनेरचा पायाळूही हल्ली लोकांना टाचांवर चालवतो असं ऐकलं. ज्यांना जमत नाही त्यांना तो पुढे काय सांगतो, ते सांगणारं कोणी भेटलं नाही.

त्या पहिल्या दिवशी म्हातारा सतरंजीवर पडला तेव्हा तिनं पट्टी काढली. भिंतीला पाठ लावून, दोन्ही हातांनी उजवी मांडी उचलून तिनं पाय पुढे नेला. मी तिचा दंड धरला होता. पाय खाली गेला आणि ती थांबली. पंजा बधिर आहे, तो कुठं टेकला ते तिला कळत नाही.

"लागला का?" तिनं मला विचारलं. या वेळात कोणी बोलायचं नाही हा नियम होता.

"लागला," मी म्हटलं. "पन जरा वर हाये. खाली घे."

तिनं पाय पुन्हा हातांनी उचलला.

"आता?"

"हाव. तिथंच ठेव."